गल्ल्यावरून हुजूर पक्षात

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळ सांगलीचे. २००९ मध्ये विद्यार्थी म्हणून इंग्लंडात आले, आज लेस्टरमध्ये दोन किराणा दुकानं आणि मसाले पॅक करण्याचं एक छोटं युनिट चालवतात. पासपोर्ट भारतीय, पण कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला. ते विचारतात : "मला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात जायचं आहे. नुसती वर्गणी भरायला नाही, पुढेमागे उभं राहायला. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या धंदेवाल्याला तिथे खरोखर जागा असते का? सुरुवात कुठून करू? आणि बायको म्हणते, जो पक्ष बाहेरच्यांना कमी करा म्हणतो, त्याचा झेंडा तुम्ही कसा घेणार? तिला काय सांगू?"

वहिनींच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण तिघांत तोच अवघड आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी १९८४ मध्ये दादरहून लंडनला आलो. केनियाहून आलेल्या एका गुजराती शेठच्या पेपरच्या दुकानात सहा वर्षं पहाटे साडेचारला गठ्ठे सोडले, मग तसंच दुकान स्वतः घेतलं. १९९३ मध्ये पक्षाचा सभासद झालो. एकदा पडलो, नंतर दोन टर्म नगरसेवक होतो, आणि आता बरीच वर्षं इलेक्शन एजंट म्हणून दुसऱ्यांच्या निवडणुका आणि त्यांच्या खर्चाचे हिशेब सांभाळतो. हे शेवटचं काम कोणाला नको असतं, म्हणून माझ्याकडे टिकलं.

जागा आहे का? आहे, आणि नवी नाही. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी ज्याला वर्षानुवर्षं हुजूर पक्ष म्हटलं, त्या पक्षाच्या तिकिटावर मुंबईचे पारशी मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून निवडून आले आणि १९०६ पर्यंत खासदार राहिले. तीनच वर्षं आधी दादाभाई नौरोजी लिबरल म्हणून फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांनी जिंकले होते. दादाभाई शाळेच्या पुस्तकात आले, भावनगरी आले नाहीत. साम्राज्याच्या बाजूने बोलणाऱ्याला आपल्याकडे कोण लक्षात ठेवणार! पण त्यांच्यानंतर आशियाई वंशाचा कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार दिसायला १९९२ उजाडलं. श्रीलंकेत जन्मलेले निरंजन देवा तेव्हा ब्रेंटफर्ड अँड आयलवर्थमधून आले. मधली ८६ वर्षं कोरडी गेली, हेही धरून चाला.

माझे शेठ एक वाक्य नेहमी म्हणायचे, आणि लेस्टरच्या बेल्ग्रेव्ह रोडवर तुम्हीही ते ऐकलं असणार : लेबरने दार लावलं, टोरींनी उघडलं. (लेबर म्हणजे मजूर पक्ष, टोरी म्हणजे हाच हुजूर पक्ष.) यातलं खरं किती ते नीट समजून घ्या, कारण पक्षाच्या जेवणावळीत हेच वाक्य तुम्हाला दहा वेळा ऐकवलं जाईल. १९६८ मध्ये केनियातले आशियाई ब्रिटिश पासपोर्ट घेऊन यायला लागले, तेव्हा विल्सन यांच्या लेबर सरकारने तीन दिवसांत कायदा करून त्यांची वाट अडवली. हे खरं. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा एडवर्ड हीथ यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने सुमारे २७ हजार जणांना घेतलं. हेही खरं. त्याच वेळी लेस्टर महापालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की इथे येऊ नका. लोक आलेच, आणि आज तुमचं दुकान त्यांच्याच रस्त्यावर चालतंय.

पण १९६८ मध्येच बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण करणारे इनॉक पॉवेल कोणत्या पक्षाचे होते? याच. हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, पण पक्षातून ते तेव्हा गेले नाहीत, आणि १९७२ च्या पक्ष परिषदेत युगांडाच्या लोकांना घेण्याविरुद्ध उभेही राहिले. तिथे त्यांचा पराभव झाला. पुढे जानेवारी १९७८ मध्ये थॅचरबाई टीव्हीवर म्हणाल्या की परक्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते. त्या स्वतः ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी. आमच्या शेठनी गल्ल्यामागे त्यांचा फोटो लावला होता, आणि त्या वाक्याचा विषय निघाला की ते गिऱ्हाईक बघायला उठायचे.

म्हणून 'युगांडाचे आशियाई हीथच्या उपकाराने कॉन्झर्व्हेटिव्ह झाले' ही गोष्ट मला नेहमी अर्धी वाटते. उपकार मानणारे बहुतेक जण पुढची कित्येक वर्षं लेबरलाच मत देत होते. भारतीय मतं खरी हलली ती मुलं शिकून, घर घेऊन, सेमी-डिटॅच्ड जोडघरात राहायला गेल्यावर. आमच्यापुरतं सांगायचं तर दुकानाने हलवली. रविवारच्या व्यापाराचंच बघा. १९५० च्या कायद्याने रविवारी काय विकावं आणि काय विकू नये याची अशी यादी केली होती की ती वाचून हसावं की रडावं कळत नसे. थॅचर सरकारने १९८६ मध्ये तो बदलायचा प्रयत्न केला आणि स्वतःच्याच खासदारांमुळे आपटलं. १९९४ मध्ये आमच्याच पक्षाचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्या काळात कायदा झाला : २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास, लहान दुकानांना मोकळीक. तुमच्या-माझ्यासारख्यांचा रविवार या एका आकड्यावर उभा आहे. राजकारण मला पहिल्यांदा कळलं ते तिथे.

आता मुद्द्याकडे. पक्षात शिरायच्या दोन वाटा आहेत आणि त्या शेवटपर्यंत एकमेकींना मिळत नाहीत. एक चेकची, एक पत्रकांची.

चेकची वाट सोपी दिसते, आणि ती खोटी नाही. डोलार पोपट यांचं उदाहरण घ्या. जन्म युगांडातला १९५३ चा, १९७१ मध्ये किशोरवयात इथे आले, अकाउंटन्सी केली, आधी वित्तपुरवठ्यात आणि मग हॉटेलं-केअर होम्समध्ये धंदा वाढवला, २०१० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले आणि २०१२ मध्ये 'कॉन्झर्व्हेटिव्ह फ्रेंड्स ऑफ इंडिया' ही संघटना उभी केली. पण त्या जागी पोचायला पैशाशिवाय माणसं गोळा करायची अनेक वर्षांची मेहनत लागते, आणि मुख्य म्हणजे धंदा त्या मापाचा लागतो. दोन दुकानांच्या नफ्यातून ही वाट धराल तर तुम्हाला दरवर्षी चार टेबलांचं जेवण विकायला मिळेल, मंत्र्यांबरोबर फोटो मिळेल, तो दुकानात लावाल, आणि वॉर्डाची उमेदवारी मात्र शनिवारी पत्रकं वाटणाऱ्या कुणा निवृत्त शिक्षिकेला जाईल. तिला मिळावी हेच योग्य आहे, असं माझं मत.

पैसे द्यायचेच असतील तर एजंट म्हणून सांगतो ते ऐका. पाचशे पौंडांवरची देणगी पक्षाला घ्यायची तर देणारा इथल्या मतदारयादीत हवा, किंवा इथे नोंदलेली आणि इथे धंदा करणारी कंपनी हवी. तुम्ही राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून यादीत येता, तेव्हा तुमची देणगी चालते. उमेदवाराला थेट देणार असाल तर हीच चाळणी पन्नास पौंडांपासून लागते. सांगलीच्या मेव्हण्याचे पैसे तुमच्या नावाने देणं हा सरळ गुन्हा आहे. 'घरचेच तर आहेत' हे इलेक्टोरल कमिशनला कळत नाही.

पत्रकांच्या वाटेवर पहिली शिडी म्हणजे महापालिका. ब्रिटिश पासपोर्ट नाही म्हणून अडेल असं तुम्हाला वाटत असेल, पण अडत नाही. भारतीय नागरिकाला कायम वास्तव्याचा परवाना असेल तर नगरसेवकपदाला उभं राहता येतं, संसदेलाही. वॉर्डात राहायलाच हवं असंही नाही. त्या महापालिकेच्या हद्दीत बारा महिने तुमचं मुख्य कामाचं ठिकाण असेल किंवा जागा भाड्याची-मालकीची असेल तरी पुरतं. म्हणजे घर शेजारच्या काउंटीत आणि दुकान लेस्टर शहरात असेल तर दुकान तुम्हाला उमेदवार करू शकतं. नगरपालिकेला अनामत नाही. संसदेला पाचशे पौंड, आणि पाच टक्क्यांहून जास्त मतं पडली तरच परत. नगरसेवक निवडून आल्यावर पद स्वीकारल्याच्या कागदावर सही करतो, खासदाराला राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट ठेवून त्या पायरीवर जायचा विचार असेल तर आधी दोन्हीकडचा वकील गाठा.

माझ्या पडण्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी भलताच निश्चिंत होतो. गणपतीच्या आरतीला तीनशे डोकी जमायची, सगळे ओळखीचे, सगळ्यांनी पाठ थोपटलेली. मतमोजणीनंतर एका रात्री मी मंडळाची यादी आणि वॉर्डाची मतदारयादी शेजारी ठेवून खुणा केल्या. तीनशेपैकी माझ्या वॉर्डात राहणारे निघाले अकरा. बाकीचे पिनर, हाउन्स्लो, स्लाव, एक तर चक्क रेडिंगचा. समाज हॉलमध्ये जमतो, मत मात्र गल्लीत पडतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यावर एक वॉर्ड येत नाही. इथले गुजराती दुकानाच्या आधाराने एकेका रस्त्यावर वसले. आपण डॉक्टर, इंजिनिअर, आयटीवाले म्हणून नोकरी नेईल तिकडे पांगलो. याचा एक फायदाही आहे. मराठी उमेदवार 'आमचा समाज' म्हणून उभाच राहू शकत नाही, त्याला मिसेस विल्सनच्या दारावर कचऱ्याच्या डब्याबद्दल बोलावंच लागतं, आणि निवडणूक तिथेच जिंकतात.

या बाबतीत तुमचं दुकान हे तुमचं खरं भांडवल आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याला वॉर्डातली कोणती म्हातारी आजारी आहे, कोणत्या कोपऱ्यावर पोरं रात्री जमतात, पार्किंगच्या नव्या पिवळ्या रेषेने कोणाचं गिऱ्हाईक गेलं, हे नगरसेवकाच्या आधी कळतं. मात्र धंद्याच्या तक्रारी बोलताना स्वतःचा हिशेब आधी काढा, मग पक्षाचं पत्रक वाचा. उदाहरण देतो. एप्रिल २०२५ पासून मालकाने नोकराच्या पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ टक्क्यांवरून १५ झाला आणि तो ९,१०० पौंडांऐवजी ५,००० च्या पगारापासूनच लागू लागला. आमचा पक्ष यावर रोज बोलतो, आणि मोठ्या दुकानसाखळ्यांचं कंबरडं त्याने दुखलंही. पण त्याच अर्थसंकल्पात लहान मालकांची एम्प्लॉयमेंट अलाउन्सची सूट ५,००० वरून १०,५०० पौंड केली. तीनचार नोकर असलेल्या दुकानाला कदाचित एक पेनीही जास्त पडली नसेल. हे न पाहता सभेत 'मी बुडालो' म्हणालात, आणि समोर एखादी लेबरची अकाउंटंट बसलेली असली, तर तिथेच तुमचा कारभार आटोपला.

कारण तुमचे कागद उघडे असतात. कंपनीज हाऊस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात तुमचा ताळेबंद कुणीही बघतो. दुकानाची स्वच्छतेची श्रेणी इंटरनेटवर कुणालाही दिसते. किमान वेतनात चूक झाली तर सरकार नावं छापतं. उभं राहायच्या वर्षभर आधी एखाद्या परक्या अकाउंटंटला सगळं वाचायला द्या आणि सांगा, मी तुमचा शत्रू आहे असं समजून वाचा. निवडून आलात की २८ दिवसांत मालमत्ता, कंपन्या, महापालिकेशी असलेले करार, सगळं नोंदवावं लागतं, बायकोच्या नावावरचंही. लपवणं फौजदारी गुन्हा आहे. मसाल्याच्या युनिटच्या परवानगीचा विषय समितीपुढे आला तर तुम्ही खोलीबाहेर. धंदेवाल्यांना हे जड जातं. आपल्याला प्रत्येक बैठकीत आपलं काम काढायची सवय असते.

खासदारकीची वाट वेगळी आहे. मध्यवर्ती कार्यालयाच्या परीक्षा मंडळातून पार पडून मंजूर उमेदवारांच्या यादीत यावं लागतं, मग एकेका मतदारसंघाची असोसिएशन निवड करते. घाई करू नका. युगांडात जन्मलेले शैलेश वारा १९९७ मध्ये बर्मिंगहॅम लेडीवुडला पडले, २००१ मध्ये नॉर्थहॅम्प्टन साउथला पडले, २००५ मध्ये नॉर्थ वेस्ट केम्ब्रिजशरला आले. प्रीती पटेल यांचे आईवडील पेपरची दुकानं चालवत. त्याही २००५ मध्ये नॉटिंगहॅम नॉर्थला हरून मग २०१० मध्ये विटमला जिंकल्या. ऋषी सुनक यांच्या आईचं साउथहॅम्प्टनला औषधांचं दुकान होतं, पण ते दुकानातून राजकारणात आलेले नव्हेत. त्यांची वाट विंचेस्टर, ऑक्सफर्ड आणि गोल्डमन सॅक्सची. २०२२ च्या उन्हाळ्यात सभासदांनी त्यांना नाकारून लिझ ट्रस यांना निवडलं, आणि शरदात खासदारांनी त्यांना बिनविरोध पंतप्रधान केलं. सभासद आणि खासदार हे दोन वेगळे मतदार आहेत हे त्यातून ओळखा. नीट पाहिलं तर दुकानदार स्वतः क्वचित संसदेत जातो, त्याची मुलगी जाते. तुम्हाला मुलगी आहे का माहीत नाही, पण शनिवारी तिलाही बरोबर न्या.

लेस्टरबद्दल एक सावधगिरी. तुमच्या शहरात पक्ष सध्या वर दिसतो. २०२३ मध्ये महापालिकेत ५४ पैकी १७ जागा आल्या, आणि २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर धुळधाण होऊन १२१ खासदार उरले असताना शिवानी राजा यांनी लेस्टर ईस्ट जिंकून घेतलं. २०१९ च्या तुलनेत साऱ्या देशात पक्षाने लेबरच्या हातून नव्याने मिळवलेली ती एकच जागा. पण आकडा बघा : सुमारे ३१ टक्के मतं. समोर लेबरचा उमेदवार होता आणि शिवाय क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ हे दोन माजी लेबर खासदार वेगवेगळे उभे होते. लाट नव्हती, फाटाफूट होती. बॉब ब्लॅकमन यांनी लंडनमधलं हॅरो ईस्ट निम्म्याहून अधिक मतं मिळवून राखलं, ते वेगळं. त्यामागे २०१० पासूनची दारोदारची फिरती आहे.

आणि २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमच्या गल्ल्यांत हिंदू-मुस्लीम तणाव कसा पेटला ते तुम्ही पाहिलंय. व्हॉट्सअॅपवरून भारतातली भांडणं आणून मतं मागण्याचा मोह पक्षातले काही जण तुम्हाला दाखवतील. त्या वाटेला जाऊ नका. मतं मिळतात, पण पुढे चार वर्षं त्याच रस्त्यावर शेजाऱ्याला दुकानात घ्यायचं असतं.

आता वहिनी. त्यांना खोटं सांगू नका. पक्षाने बाहेरच्यांवर नियम कडक केलेत आणि करेल. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंड झाली, तेव्हा पंतप्रधान सुनक होते. रेस्टॉरंटवाल्यांचा अनुभव तर त्याहून कडू. २०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात त्यांना सांगितलं गेलं की युरोपातून बाहेर पडलो की उपखंडातले खानसामे आणणं सोपं होईल. कितीतरी जणांनी त्या भरवशावर मत दिलं. खानसामे आले नाहीत. त्याच वर्षी लंडनच्या महापौरपदासाठी आमच्या पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ यांच्या प्रचारात आशियाई आडनावांच्या घरी पत्रं गेली की लेबरचे सादिक खान आले तर तुमच्या घरच्या दागिन्यांवर कर बसेल. म्हणजे आपल्याकडे बघितलं की यांना सोनं दिसतं! खान निवडून आले आणि मला वाईट वाटलं नाही, एवढं आज लिहून टाकतो.

तरी मी राहिलो, कारण ज्या पक्षात पॉवेल होते त्याच पक्षात हीथ होते, आणि १९७२ च्या त्या परिषदेत विरोधात मत देणारे कुणीतरी होते म्हणून पॉवेल हरले. दुसऱ्या बाजूला १९६८ चा कायदा लेबरने केला, आणि आत्ताच्या लेबर सरकारने जुलै २०२५ मध्ये ती पगाराची अट आणखी वाढवून ४१,७०० केली. आमच्याही उजवीकडे रिफॉर्म यूके हा पक्ष आहे, त्यांच्यापुढे आमचे लोक रोज थोडे थोडे सरकताहेत, हे मला दिसतं आणि खटकतं. हे कारण वहिनींना पुरेल असं नाही. आमच्या घरी अजून पुरलेलं नाही, बायको १९९३ पासून लेबरला मत देते आणि निवडणुकीच्या दिवशी माझ्यासाठी डबा भरते. त्यांना एवढं विचारा की कोणत्या मुद्द्यावर मी राजीनामा द्यावा असं तुला वाटतं. तो मुद्दा कागदावर लिहून ठेवा, आत शिरण्याआधीच. माझा लिहिलेला आहे. दोनदा काढून वाचलाय.

महापालिकेची पुढची निवडणूक २०२७ ची. वॉर्डाच्या अध्यक्षाला ईमेल करताना धंद्याची उलाढाल लिहू नका, शनिवारी सकाळी किती वाजता यायचं ते विचारा. बहुधा दहा. घोट्याला आधार देणारे बूट घाला, आणि घरातलं एक लाकडी उलथनं खिशात ठेवा. इथल्या पत्रपेटीच्या स्प्रिंगा बोटं सोलतात आणि पलीकडे कुत्रा असतो. पत्रक उलथन्याने आत ढकलायचं.